विकायची कोणती?

हत्यारपरवान्याची वही साहित्य म्हणून कोणी वाचत नाही. माझ्या आजोळी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका डोंगराळ खेड्यात, तशी एक वही आहे. तिची बांधणी कापडी आहे आणि कडा कसरीने खाल्ल्या आहेत. आत दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा एक शिक्का आणि निवडणुकांच्या सुमारास 'हत्यार जमा', 'हत्यार परत' अशा दोन कोरड्या ओळी. या ओळींच्या तारखा ओळीने लावल्या तर १९६२ नंतरच्या महाराष्ट्राचे निवडणूक-वेळापत्रक हाती लागते. वहीबरोबर काही सुटे कागद आहेत. ते कोल्हापूर दरबारच्या काळातले, म्हणजे १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होण्यापूर्वीचे.

वहीत तीन हत्यारांची नोंद होती. पीकसंरक्षणासाठी बारा बोअरची दुनळी आणि .२२ बोअरच्या दोन रायफली. त्यांपैकी एक बर्मिंगहॅमची बीएसए. ती आजोबांनी संस्थानी काळात घेतलेली. दुसरी इछापूरच्या सरकारी कारखान्याची. ती मामांनी स्वतःच्या पहिल्या उसाच्या पैशांतून घेतली होती. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत आजोळी अडकून पडले असताना, मामांनी या तिन्ही वस्तू सतरंजीवर मांडल्या आणि मला विचारले, "तू इतिहास वाचतीस. सांग, यातली कोणती विकायची?"

प्रश्न घरगुती होता. पण तो घरात उपजलेला नव्हता. १४ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या शस्त्र अधिनियमाच्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील हत्यारांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच ठेवण्याची तरतूद होती. विरोधानंतर ती दोन झाली. उरलेले हत्यार एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचे, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत त्याची परवान्यावरची नोंद रद्द व्हायची. वारसाहक्काने आलेल्या हत्यारांनाही हीच मर्यादा. दुनळी जाणे शक्य नव्हते, कारण रानडुकरांना दुरुस्तीविधेयके कळत नाहीत. (ती मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. पण बार नुसता हवेत काढला तरी कळप फिरतो, असा तिकडचा अनुभव.) तेव्हा निवड दोन छोट्या रायफलींत होती.

मी त्या दिवशी दिलेले उत्तर चुकीचे होते. ते का चुकले हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडील शस्त्रकायद्याची जन्मकथा साहित्याच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत दोन कायदे पाठोपाठ आले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा, दुसरा देशी लोकांचे हात बांधणारा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' तेव्हा ऐन भरात होती. पहिला कायदा रिपन यांच्या काळात, १८८२ मध्ये रद्द झाला. दुसरा टिकला. राज्यकर्त्यांनी लेखणीला चार वर्षांत माफी दिली आणि बंदुकीला दिली नाही, ही गोष्ट 'लेखणी तलवारीहून श्रेष्ठ' हे सुभाषित फळ्यावर लिहिणाऱ्या आम्हा शिक्षकांनी जरा विचारात घ्यावी.

या कायद्याचा खरा डंख संख्येत नव्हता. त्याखालच्या नियमांनी युरोपियनांना परवान्यातून सूट दिली होती. हत्यारे किती हा प्रश्न गौण होता, ती कोणाकडे हा मुख्य. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधींनी काढलेल्या पत्रकात या कायद्यावर कठोर टीका होती. तो जावा असे वाटत असेल तर शस्त्र चालवायला शिकण्याची ही संधी घ्या, असा त्यांचा युक्तिवाद. १९३० साली त्यांनी आयर्विन यांच्यापुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मीठ होते हे सर्वांना पाठ आहे. स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, हीही त्यांत एक मागणी होती हे फारसे कोणाला आठवत नाही. १९३१ च्या कराची ठरावाने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधानसभेत एच. व्ही. कामत यांनी तो हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. स्वराज्य मागणाऱ्यांना जे हवे होते ते स्वराज्य चालवणाऱ्यांना परवडणारे नव्हते. याला मी विश्वासघात म्हणणार नाही. फाळणीचे रक्त तेव्हा वाळलेले नव्हते.

१९५९ चा नवा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. आमची वही तिथूनच सुरू होते. त्यात संख्येची मर्यादा नव्हती. ती आली १९८३ च्या दुरुस्तीने: कमाल तीन. म्हणजे 'कोण' या प्रश्नाची जागा 'किती' या प्रश्नाने घेतली. पूर्णपणे मात्र नाही. कोडगूच्या कोडवांना ब्रिटिश काळापासून असलेली परवान्यातली सूट स्वतंत्र भारताने चालू ठेवली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये, तिनाचे दोन होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ती २०२९ पर्यंत वाढवली.

आणि 'कोणते'? या प्रश्नाचा इतिहास नळीच्या व्यासात दडलेला आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि शिकारी साहेबांची काडतुसे त्यांना उपयोगी पडतील, ही धास्ती. तेव्हा विलायती कारखानदारांनी .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. लष्कराचे .३०३ बोअरही सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून मुलकी वापरासाठी .३१५ ची रायफल निघाली. वाघ दोन्हींनी सारखाच मरत होता. फरक फक्त सरकारच्या झोपेत पडत होता. या सगळ्या मापांत .२२ चे नाव भीतीच्या यादीत कधी वर गेले नाही. १९८३ च्या दुरुस्तीने तर मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी .२२ आणि हवेची बंदूक मर्यादेच्या बाहेरच ठेवली, आणि २०१९ नेही ते कलम काढले नाही. मामा कोणत्याही क्लबचे सदस्य नव्हते. ते नारळाच्या करवंट्यांवर नेम धरत.

या छोट्या काडतुसाचे मूळही ऐकण्यासारखे आहे. ज्या १८५७ साली एनफिल्डचे चरबी लावलेले काडतूस दाताने तोडण्यावरून इकडे आगडोंब उसळला, त्याच साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी तोडावे न लागणारे, धातूच्या टोपणातले .२२ चे काडतूस वापरणारे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पुढे बोअर युद्धात ब्रिटिश सैनिकांचा नेम कच्चा असल्याचे उघड झाले. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने कारकून आणि कामगारांसाठी छोट्या रायफलींचे क्लब निघाले आणि बीएसएने त्यांना स्वस्त.२२ पुरवल्या. आजोबांची रायफल त्या कुळातली. चापामागची तरफ खाली ओढली की नळीमागचा ठोकळा खाली झुकतो, एक काडतूस सरकवायचे, तरफ वर. हीच रचना मोठ्या मापात मार्टिनी-हेन्रीची. कारखान्याची खूण म्हणजे एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली. बीएसएची सायकल चालवणाऱ्या पिढ्यांनी ती खूण पाहिली असेल, पण सायकलवर बंदुका कशासाठी हे कोणी विचारले नाही.

साहजिकच मी म्हटले, "मामा, बीएसए ठेवा. तो इतिहास आहे. इछापूरची विका."

मामा हसले. "ती घेतंय कोण?"

या प्रश्नात बाजाराचे सारे सत्य होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणे जवळजवळ बंद आहे. नामवंत नेमबाजांना तेवढी मुभा. त्यामुळे आधीपासून देशात असलेल्या विलायती बंदुकांची किंमत दरसाल चढत गेली. त्यातच त्या वर्षी तिसरे हत्यार सोडणारे असंख्य, आणि घेणारा मात्र वहीत जागा शिल्लक असलेलाच हवा. बीएसएला तीन गिऱ्हाइके आली होती. इछापूरच्या रायफलीची चौकशी एकानेही केली नव्हती. एका विक्रेत्याने ती ठेवून घेण्याचेच भाडे सांगितले.

"बीएसए विकली तर घेणारा तिला तेल घालंल, मखमलीत ठेवंल," मामा म्हणाले. "ही दुसरी मी सोडली तर चौकीच्या कोठीत गंजंल, मग भट्टीत जाईल. जिला दुसरं घर मिळतंय तिला पाठवायची. जिला मिळत नाही तिला आपण ठेवायची."

मी इतिहासाला वयाशी आणि परदेशाशी बांधून टाकले होते, हे मला त्या वेळी उमगले. बीएसएवर विलायतेत ग्रंथ आहेत, संग्राहक आहेत. हुगळीकाठच्या इछापुरात १९०४ साली साम्राज्याच्या सैन्यासाठी उभ्या राहिलेल्या कारखान्याने स्वातंत्र्यानंतर नागरिकांसाठीही रायफली घडवल्या. त्या ओबडधोबड असत आणि दस्त्याचे लाकूड जड असे. मामांच्या रायफलीचा खटका पावसाळ्यात अडे. पण एका शेतकऱ्याने स्वतःच्या उसाच्या पैशांतून, स्वतःच्या नावे, स्वतःच्या देशाने केलेले हत्यार घेतले ही घटना १८७८ च्या कायद्यापासून मोजली तर लहान नाही. आमच्या संग्रहालयांत संस्थानिकांच्या सोनेरी बंदुका आहेत. इछापूरची .२२ मी तरी कुठल्या कपाटात पाहिलेली नाही.

खासगी विक्रीसाठी अधिनियमाचे पाचवे कलम आहे. घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचे आणि पंचेचाळीस दिवस थांबायचे. अर्ज मीच लिहिला. 'विकण्याचे कारण' असा रकाना मीच घातला होता. मामांनी तो खोडायला लावला. त्या पंचेचाळीस दिवसांत त्यांनी बीएसए दर रविवारी पुसली, एरवी महिन्यातून एकदा पुसत असत.

घेणारा सांगलीकडचा होता, चाळिशीतला. त्याने तरफ ओढून पाहिली, नळीतून उजेड पाहिला आणि दस्त्यावरची एक खोलगट खूण बोटाने चाचपून विचारले, ही कशाची? मामा म्हणाले, वडील डावखुरे होते. मग वही काढून त्यांनी त्या नोंदीवर आडवी रेघ मारून घेतली, तारीख घातली, आणि दुसऱ्या रायफलीसाठी नवे गवसण शिवायला आत मामींना हाक मारली.