दूरशिक्षण : समंत्रकाच्या नोंदीत न दिसणारा विद्यार्थी

जळगाव/धुळे - नोकरी किंवा शेती सांभाळून पदवी घेणाऱ्यांना खान्देशात दूरशिक्षण नवे नाही. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तेथील मार्गदर्शकाला 'समंत्रक' म्हणतात. पुस्तक विद्यार्थ्याने स्वतः वाचायचे आणि अडेल तेथे समंत्रकाने वाट दाखवायची, अशी ही विभागणी. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि नियमित प्राध्यापकांवरही हीच भूमिका येऊन पडली.

ऑनलाइन वर्गात मार्गदर्शकाला बरेच काही दिसते. 'मूडल'सारख्या संगणक प्रणालीत विद्यार्थी शेवटचा केव्हा आला, त्याने कोणता घटक उघडला, स्वाध्याय मुदतीत दिला का, चाचणीत कोणता प्रश्न चुकला, याची नोंद आपोआप होते. प्रश्न असतो तो या नोंदीचा अर्थ लावण्याचा. पाठाची प्रत एकदाच उतरवून घेऊन घरी वाचणारा विद्यार्थी नोंदीत गैरहजर ठरतो, तर चित्रफीत सुरू ठेवून उठून जाणारा हजर! कापूस वेचणीच्या दिवसांत एखादी विद्यार्थिनी पंधरवडाभर दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या पाड्यावर रेंजच नसते. कुठे घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे तीन. नोंदीत मात्र या सर्वांपुढे सारखेच शून्य असते.

म्हणून जाणता मार्गदर्शक नोंद पाहून शेरा मारत नाही, आधी फोन करतो. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्तीही तो टाळतो, कारण एका खोलीच्या घरात ती संकोचाची ठरते. पहिला स्वाध्याय चुकवणाऱ्याकडे तातडीने लक्ष द्यावे लागते, कारण गळती बहुधा तेथूनच सुरू होते.

तपासलेल्या स्वाध्यायावरील शेरा हा तर या पद्धतीचा कणाच. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले, तेव्हा असे शेरे टपालाने जात. नुसते गुण कळवल्याने विद्यार्थ्याला काहीच उमगत नाही. उत्तर कोठे भरकटले आणि कोणता भाग पुन्हा वाचावा, हे दोन ओळींत लिहिले तरी पुरते.

विद्यार्थ्यांनीही अडचण मुदत संपण्यापूर्वी कळवावी. अनेक प्रणालींत अंतिम मुदतीनंतर स्वाध्याय स्वीकारणे आपोआप बंद होते. ती मुदत वाढवून देणे बहुधा मार्गदर्शकाच्या हाती असते, पण त्यासाठी अडचण त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी.