मेंढवाड्यांतील मुहूर्त

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत एप्रिल उजाडला तरी थंडीचा जोर ओसरलेला नसतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर, वाऱ्याबरोबर गारठलेला पाऊस अंगावर येत असतां, एखादी मेंढी कळपापासून दूर दगडी कुंपणाच्या आडोशाला जाते आणि तेथें तिला कोकरूं होतें. चार किलोंच्या आसपास वजनाचा तो ओला जीव आईनें लवकर चाटून कोरडा केला नाहीं, आणि त्याच्या पोटांत वेळेवर चीक गेला नाहीं, तर तो सकाळ पाहत नाहीं. हातांत दिवा घेऊन मेंढपाळ रात्रभर फिरत असतो तो तेवढ्याचसाठीं. मात्र त्या कोकराच्या वांट्याला ही रात्र आली ती कांहीं अवचित नव्हे. पांच महिन्यांपूर्वीं ज्या दिवशीं कळपांत एडके सोडले गेले, त्याच दिवशीं ती ठरून गेली होती.

मेंढीचें गर्भारपण सुमारें १४७ ते १५० दिवसांचें असतें. इंग्लंडांतील पुष्कळ शेतकरी नोव्हेंबरच्या ५ तारखेस, म्हणजे दारूकाम उडविण्याच्या त्यांच्या सणाला, एडके सोडतात आणि एप्रिलच्या १ तारखेस पहिलें कोकरूं हातीं धरण्याची तयारी ठेवतात. त्या दोन तारखांमध्यें बरोबर १४७ दिवस आहेत. परंतु हिशेब येथेंच संपत नाहीं. मेंढी दर १७ दिवसांनीं माजावर येते आणि माज दिवस-दीड दिवसच टिकतो. कळपांत ३०० मेंढ्या असल्या तर प्रत्येकीची पाळी निराळी. पहिल्या खेपेस ज्या गाभण राहिल्या नाहींत त्यांना पुन्हां १७ दिवस थांबावें लागतें. अशा रीतीनें कळपाचें विणें पांच-सहा आठवडे लांबतें. तितके दिवस मेंढपाळाच्या डोळ्याला डोळा लागत नाहीं, आणि शेवटीं बाजारांत न्यावयाचीं कोकरें पाहावीं तर कोणी थोराड, कोणी अद्याप दुधावर. म्हणून मेंढपाळाच्या मनांत दोन इच्छा पूर्वापार आहेत. मेंढ्यांनीं आपल्या सोयीच्या ऋतूंत विावें ही एक, आणि सर्वांनीं एकदमच विावें ही दुसरी. पहिली साधण्याची युक्ति दोन हजार वर्षांहून जुनी आहे. दुसरी खऱ्या अर्थानें साधली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर.

रोमन पंडित मार्कस टेरेंटिअस व्हॅरो यानें इ. स. पू. ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, कृषिकर्मावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या पत्नीनें शेत विकत घेतलें होतें आणि तिला मार्गदर्शन व्हावें, एवढें साधें निमित्त त्यामागें होतें. मेंढ्यांना एडके केव्हां दाखवावे, याचें उत्तर त्यानें ताऱ्यांवरून दिलें आहे: स्वातीच्या अस्तापासून गरुड नक्षत्राच्या, म्हणजे ज्यांत आपला श्रवणाचा तारा आहे त्या पुंजाच्या अस्तापर्यंत. आजच्या पंचांगाप्रमाणें हा काळ सुमारें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंतचा होतो. गर्भारपणाचे दिवस तो १५० धरतो. याप्रमाणें कोकरें शरदाच्या शेवटीं येतात, जेव्हां इटलींत हवा सौम्य असते आणि पहिल्या पावसानें कोंवळें गवत उगवलेलें असतें. तेथील उन्हाळा कोरडा, म्हणून गवताचा ऋतु स्कॉटलंडहून उलट. आणि गवत उलट म्हणून मुहूर्तही उलट. एडक्यांना दोन महिने आधींपासून वेगळें ठेवून त्यांना चारा वाढवून द्यावा, असेंही तो सांगतो. दोन वर्षांखालील मेंढी फळवूं नये, याविषयीं तर त्याचा कटाक्ष आहे. अशा कोंवळ्या मेंढ्यांच्या मागील बाजूस लव्हाळ्याच्या टोपल्या बांधीत, ही माहिती त्याच्याच ग्रंथांत मिळते. फळण्याच्या काळांत कळपाला एकाच ठिकाणचें पाणी पाजावें, पाणी बदलल्यास लोंकरीवर डाग पडतात, हें त्याचें म्हणणें मात्र आज कोणी मानणार नाहीं.

व्हॅरोला जें ठाऊक नव्हतें तें असें, कीं कोणती मेंढी केव्हां फळली हें कळणार कसें? इंग्रज मेंढपाळांनीं याला एक सोपा तोडगा काढला. एडक्याच्या छातीला गेरूसारखी तांबडी माती तेलांत कालवून फांसावयाची, म्हणजे ज्या मेंढीशीं तो संग करील तिच्या पाठीवर तांबडा ठसा उमटतो. सोळा-सतरा दिवसांनीं रंग बदलावयाचा. ज्या मेंढीच्या पाठीवर दुसरा रंगही दिसला ती पहिल्या खेपेस राहिली नाहीं, आणि ती उशिरा विणार, हें विण्याच्या चार महिने आधींच समजतें. ही तांबडी माती गांवोगांव विकणारा एक फिरता धंदेवाईक वर्ग त्या काळीं होता. टॉमस हार्डीच्या १८७८ सालच्या कादंबरींतील डिगरी व्हेन हा त्यांतलाच. रंगाच्या ठशानें कळपाची नोंद झाली, पण कळपावर ताबा आला नाहीं.

ताबा येण्यासाठीं मेंढीच्या शरीरांत काय घडतें हें कळावयास हवें होतें. एफ्. एच्. ए. मार्शल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें १९०३ सालीं मेंढीच्या ऋतुचक्राचें आणि अंडाशयांतील पीतपिंडाचें वर्णन प्रसिद्ध केलें. अंड सुटल्यावर त्या जागीं जो पिंवळसर पिंड तयार होतो तो टिकून असेपर्यंत मेंढी पुन्हां माजावर येत नाहीं. तो विरला कीं येते. वर्षांतील ऋतूचें गूढही हळूहळू उकललें. १७८८ पासून ऑस्ट्रेलियांत मेंढ्या जाऊं लागल्या होत्या आणि विषुववृत्त ओलांडल्यावर त्या आपला फळण्याचा काळ सहा महिन्यांनीं फिरवून घेतात, हें पुष्कळांच्या पाहण्यांत आलें होतें. १९३७ सालीं मार्शलनेंच या पालटावर निबंध लिहिला. पुढें १९४९ सालीं येट्स या संशोधकाचे केंब्रिज येथील प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यानें गोठ्यांतील दिव्यांच्या उजेडानें दिवस लांबवून आणि आंखडून मेंढ्यांचें वर्ष उलटें करून दाखविलें. दिवस लहान होऊं लागल्यावर सुमारें तीन-साडेतीन महिन्यांनीं त्या माजावर येत. दख्खनसारख्या विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत दिवसाच्या लांबींत एवढा फरक पडत नाहीं, म्हणून आपल्याकडील धनगरांच्या मेंढ्यांना हें बंधन इतकें कडक नाहीं.

दरम्यान पश्चिम ऑस्ट्रेलियांत अंडरवूड आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४४ सालीं एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली होती. कांहीं काळ एडक्यांपासून दूर ठेवलेल्या मेरिनो मेंढ्यांत एडके सोडले, तर अडीच-तीन आठवड्यांनंतर पुष्कळ मेंढ्या जवळजवळ एकदमच माजावर येतात. यामागचें कारण पुढें उलगडलें. एडक्याच्या नुसत्या वासानें आणि सहवासानें दोन-तीन दिवसांतच अंड सुटतें, पण तो पहिला ऋतु मुका असतो. माज दिसतो तो त्यापुढील पाळीस. यावरून नसबंदी केलेला एडका पंधरा दिवस कळपांत फिरवून मग खरा एडका आणण्याची रीत पडली. औषध नाहीं, खर्च नाहीं, आणि काम मात्र निम्म्याहून अधिक साधतें.

तरी शास्त्रज्ञांचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. पीतपिंडांतून स्रवणारें प्रोजेस्टेरोन हें द्रव्य १९३४ सालीं शुद्ध रूपांत मिळालें होतें. १९४८ सालीं अमेरिकेंत डट आणि कॅसिडा यांनीं तें मेंढ्यांना टोंचून पाहिलें. जोंवर टोंचणें चालू तोंवर माज थांबतो, आणि बंद केलें कीं सर्व मेंढ्या लागोपाठ माजावर येतात. युक्ति उत्तम, पण रानांत चरणाऱ्या पांचशें मेंढ्यांना रोज धरून सुई कोण मारणार? हा अडथळा सिडनी विद्यापीठांतील टी. जे. रॉबिन्सन यानें १९६४-६५ च्या सुमारास दूर केला. प्रोजेस्टेरोनसारख्या कृत्रिम द्रव्यांत भिजविलेला स्पंजाचा लहानसा बोळा मेंढीच्या योनिमार्गांत बसवावयाचा, त्याला बांधलेला दोरा बाहेर ठेवावयाचा, आणि बारा-चौदा दिवसांनीं दोरा ओढून तो काढून घ्यावयाचा. दोन दिवसांच्या आंतबाहेर सारा कळप माजावर येतो. विज्ञानाच्या इतिहासांत इतकें स्वस्त आणि इतकें परिणामकारक साधन क्वचितच आढळेल.

या यशाला दोष नव्हते असें नाहीं. त्या पहिल्या माजांत गर्भ कमी राहतो, हें रॉबिन्सनच्याच मंडळींना आढळून आलें. त्या द्रव्यामुळें शुक्रजंतूंच्या वाटेंत अडथळा येतो. शिवाय एरवीं चाळीस-पन्नास मेंढ्यांस एक एडका पुरे, तेथें आतां दहा मेंढ्यांस एक लागूं लागला, कारण सर्वांची वेळ एकच. फ्रान्समध्यें रोकफोर्ट चीज ज्यांच्या दुधापासून होतें त्या लाकोन जातीच्या मेंढ्यांत हा प्रश्न कृत्रिम रेतनानें सोडविला गेला. अंड खात्रीनें सुटावें म्हणून बोळा काढतांना जें इंजेक्शन देतात, तें गाभण घोडीच्या रक्तांतून काढलेलें असतें. कोल आणि हार्ट यांनीं हें द्रव्य १९३० सालीं कॅलिफोर्नियांत शोधून काढलें. त्यासाठीं दक्षिण अमेरिकेंत आणि आइसलँडांत घोड्यांचें रक्त ज्या प्रमाणांत काढलें जातें, त्यावर अलीकडे युरोपांत मोठा वाद माजला आहे. मेंढपाळाला झोंप मिळावी म्हणून त्या मुक्या जनावरांनीं किती सोसावें, हा प्रश्न अयोग्य म्हणतां येणार नाहीं.

आणि दुसरी एक अडचण आहे, ती कोणत्याही प्रयोगशाळेंत सुटण्यासारखी नाहीं. पांच-सहा आठवड्यांत विखुरलेलीं विणीं एका आठवड्यांत आलीं, कीं मेंढपाळाचे श्रम आटोपशीर होतात. पण त्याच आठवड्यांत वादळ झालें तर कळपांतील सर्व कोकरें एकदमच त्याच्या तावडींत सांपडतात. जुन्या अव्यवस्थेंत निदान कांहीं तरी वांचत. म्हणून जाणता शेतकरी सगळ्या कळपाला एकाच दिवशीं बोळे बसवीत नाहीं. छपराखालीं जितके खण मोकळे असतील, आणि रात्रीं जितके हात जागे राहूं शकतील, तितक्याच मेंढ्यांचा एक गट तो धरतो. दुसऱ्या गटाचे बोळे आठ-दहा दिवसांनीं बसवितो, आणि प्रत्येक गटाच्या पाठीवर, जुन्या सवयीप्रमाणें, निराळा रंग लावून ठेवतो.