रीलिन
गर्भाच्या मेंदूत चेतापेशींना योग्य थरात बसवणारे, पेशीबाह्य आधारद्रव्यातील मोठे ग्लायकोप्रथिन. प्रमस्तिष्क बाह्यकाच्या सर्वांत वरच्या थरातील काहाल-रेट्झियस पेशी ते स्रवतात. खोलवर जन्मलेल्या चेतापेशी वर सरकतात. उशिरा जन्मलेल्या आधीच्यांना ओलांडून त्यांच्या वर स्थिरावतात. रीलिन नसल्यास हा क्रम कोलमडतो, थर जवळजवळ उलटे लागतात. आधारद्रव्य म्हणजे पेशींमधली नुसती भर नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. फॉल्कनर यांनी १९५१ मध्ये वर्णिलेल्या, झोकांड्या खात चालणाऱ्या ‘रीलर’ उंदरांत हाच दोष असतो. प्रथिनाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले. रीलिन दोन लिपोप्रथिन-ग्राहींना जोडले जाते व पेशीतील डॅब-१ प्रथिनाद्वारे संदेश पोहोचवते. माणसात जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास मेंदूच्या वळ्या नीट घडत नाहीत आणि निमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, खुरटतो.