घाटावरचे शिसे आणि खाडीतील गाळ

आंबेगाव तालुक्यातील शिनोली या गावी घोड नदीच्या काठी उभे राहिले असता पाणी पूर्वेस वाहताना दिसते. ते भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. परंतु शिनोलीहून पश्चिमेस निघून, डिंभ्याचे धरण मागे टाकून आहुप्याच्या कड्यावर पोचले, म्हणजे पडणाऱ्या पावसाची तेथे वाटणी झालेली आढळते. कड्याखाली मुरबाडकडे उतरणारे ओहोळ उल्हास नदीच्या खोऱ्यात जातात व कल्याणच्या खाडीतून पश्चिम समुद्रास मिळतात. या मुलखातील प्राचीन व्यापाराने नदीपेक्षा घाटाचीच सोबत अधिक केली.

जुन्नरहून नाणेघाटाने कोकणात उतरून कल्याण व सोपारा ही बंदरे गाठावयाची, हा सातवाहनकाळचा राजमार्ग. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे; यज्ञ आणि दाने यांचा त्यात तपशील असून दानांचे आकडेही कोरलेले आहेत. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण तर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याविषयीची लोककथा खरी असो वा नसो, या वाटेने पुष्कळ माल चढला व उतरला यात शंका नाही.

त्या मालातील एका जिनसाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो जिन्नस म्हणजे शिसे. सातवाहनांनी शिशाची नाणी विपुल पाडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तांबे, कथील व शिसे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हिंदुस्थानात तांबे व शिसे नसून तेथील लोक रत्ने व मोती देऊन ती घेतात, असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहिले आहे. त्याच्या या विधानात अतिशयोक्ती आहे. राजपुतान्यातील जावरच्या खाणी त्यास ठाऊक नसाव्यात. तथापि रोमन साम्राज्यात शिसे अमाप गाळले जात होते हे आता निराळ्याच साक्षीदाराने सिद्ध केले आहे. ग्रीनलंडच्या बर्फातील थर खोदून काढून १९९४ साली संशोधकांनी दाखविले, की त्या काळच्या बर्फात शिशाचे प्रमाण स्वाभाविकाच्या सुमारे चौपट होते. भट्टीचा धूर हजारो कोस दूर जाऊन बर्फात नोंदला गेला, आणि गाळणाऱ्यास त्याची वार्ताही नव्हती!

खाडीचा गाळ हेही असेच एक दफ्तर होय. बारीक चिकणमाती व कुजलेला पालापाचोळा यांस धातूचे कण चिकटतात, तळाशी बसतात, आणि वर्षावर्षाचा थर त्यांवर चढतो. सांडपाण्यातील घाण काळाने कुजून जाते. धातू कुजत नाही. म्हणून शिलालेख वाचणाऱ्याने गाळही वाचावा, असे आम्हांस वाटते.

कल्याणच्या खाडीतील अलीकडचे थर काय सांगतात? माळशेजच्या कड्यावरून, म्हणजे जुन्नरच्या सीमेवरून, कोसळणारी काळू नदी टिटवाळ्यावरून येऊन कल्याणनजीक उल्हासास मिळते. विसाव्या शतकात या खोऱ्याच्या खालच्या अंगास कारखान्यांची दाट वस्ती झाली. मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून कॉस्टिक सोडा काढण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरीत, आणि थोडाथोडा पारा सांडपाण्याबरोबर निसटे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हासच्या खाडीतील गाळाचा अभ्यास करून २००३ साली निबंध प्रसिद्ध केला. पाऱ्याचा मुख्य उगम हे सोड्याचे कारखाने, असे त्यांनी दाखविले. पाऱ्याचे प्रमाण खाडीच्या आतल्या भागात अधिक असून समुद्राकडे ते घटत जाते.

गाळात पडून राहिलेला पारा निरुपद्रवी असता, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. प्राणवायू नसलेल्या चिखलातील सूक्ष्म जंतू त्याचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो किड्यांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्यांत, असा चढत जाऊन अखेर ताटात येतो. जपानातील मिनामाटा येथे १९५६ साली या विषाचा रोग प्रथम अधिकृतपणे नोंदला गेला; कारण कारखान्याचे सांडपाणी, हे सरकारने मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. मध्यंतरीची बारा वर्षे कोळ्यांची कुटुंबे मासे खातच होती. पुढे १९७७ पासून १९९० पर्यंत खपून तेथील गाळ उपसला, बांधाआड कोंडला आणि वर सुमारे ५८ हेक्टर जमीन केली.

आता आपल्याकडील गोष्ट. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा ५३ क्रमांकाचा जलमार्ग जाहीर झाला. सातवाहनांच्या बंदरात पुन्हा जलवाहतूक सुरू व्हावी, ही कल्पना इतिहासप्रेमी मनास सुखावणारी आहे. आम्हांसही ती सुखावते. परंतु नावांस खोल पाणी हवे, आणि त्यासाठी गाळ उपसावा लागतो. दाबून बसलेला थर ढवळला व त्यास हवा लागली, की त्यातील कित्येक धातू सुटून पुन्हा पाण्यात येतात. तेव्हा उपसण्यापूर्वी थराथराची तपासणी व्हावी, आणि काढलेला गाळ कोणाच्या शेताच्या बांधावर वा तिवरांत न टाकता कोठे कोंडावयाचा हे आधी ठरावे. तपासणीत निघालेले आकडे खाडीकाठच्या कोळी व आगरी कुटुंबांस मराठीत वाचून दाखवावेत. त्या पाण्यातील कोलंबी व खेकडे त्यांच्याच चुलीवर शिजतात.