शेवटचा रोल

१९३५ साली आलेली कोडाक्रोम फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीला मिळाला. फोटो फक्त ३६. न्यूयॉर्कनंतर तो मुंबईत आला, मग राजस्थानात गेला. आधी डिजिटल कॅमेऱ्यावर प्रकाश तपासायचा, मगच फिल्म खर्च करायची.

या फिल्ममध्ये रंग नसतातच. रोल धुताना ते रसायनांतून चढतात. हे काम करणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत, कॅन्ससमध्ये होती. डिसेंबर २०१० अखेर तिने कोडाक्रोम घेणं थांबवलं. आज एखाद्या कपाटात न धुतलेला रोल सापडलाच, तर त्यातून कृष्णधवल चित्र निघू शकतं. रंग मात्र गेले.

फोटो जपायचा तर तो उघडणारी यंत्रणाही जपावी लागते. फोनमधल्या फोटोंचंही तेच.