घरगुती संगीत सर्व्हर

स्वतःच्या मालकीची गाणी घरच्याच संगणकावर साठवून ती मोबाइलवर कुठेही ऐकण्याची व्यवस्था. देवनारच्या छोट्या फ्लॅटमध्ये टीव्हीमागे मावणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि एक हार्डडिस्क यासाठी पुरते. नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन (२०१८) ही मुक्त सॉफ्टवेअर त्यावर चालतात. फ्लॅक स्वरूपातली सीडी साधारण ३०० एमबी जागा घेते; म्हणजे १ टीबीत तीनेक हजार सीडी बसतात.

खरे कष्ट जुन्या कॅसेटी उतरवण्याचे आणि गाण्यांच्या नोंदींचे. ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला पूर्ण ६० मिनिटे लागतात. ‘बालगंधर्व’ आणि ‘बाल गंधर्व’ असे दोन्ही लिहिले, तर सर्व्हर दोन गायक मानतो. नाट्यपदांना अल्बम नसतो, तिथे नाटकाचे नाव द्यावे : अल्बम ‘संगीत मानापमान’ (१९११), गीतकार कृ. प्र. खाडिलकर, संगीतकार गोविंदराव टेंबे. एवढे भरले की आजोबांचा संग्रह नातवालाही सापडतो. कॅसेट उतरवण्याचे काम मोलाचे आहे, कारण कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी धरते.

अनेक इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. अशा वेळी बाहेरून ऐकण्यासाठी वायरगार्डवर आधारलेली, मध्यस्थ सर्व्हरमार्फत जुळणारी खासगी जोडणी वापरतात. संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी.