काकडीवाल्याला हवी होती कविता

हबीब तन्वीर यांच्या ‘आग्रा बाजार’ या नाटकाचा नायक रंगमंचावर एकदाही येत नाही. नाटक नजीर अकबराबादी या शायराचे, पण दिसतो तो फक्त एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आग्र्यातला बाजार. धंदा मंदावलेला आहे. एका काकडीवाल्याला वाटते, आपल्या काकडीवर कुणी नज्म लिहून दिली तर ती गात माल खपवता येईल. तो शायरांच्या मागे लागतो आणि त्यांच्याकडून हुसकावला जातो. शेवटी नजीर लिहून देतो आणि काकड्या विकल्या जातात.

नाटकात दोन दुकाने आहेत. एक पुस्तकविक्याचे. तिथे शायर आणि तजकिरा लिहिणारे बसतात, भाषेच्या शुद्धतेवर बोलतात. तजकिरा म्हणजे शायरांची ओळख आणि निवडक शेर यांचा संग्रह; त्यात नाव आले की माणूस शायर ठरला. दुसरे दुकान पतंगवाल्याचे, तिथे नजीरच्या नज्मा गायल्या जातात.

हा प्रकार निव्वळ कल्पनेतला नाही. नजीर १८३० साली वारला. हयातभर मुलांना शिकवून पोट भरले. होळी आणि ईद, रोटी आणि पैसा, अस्वलाचे पिल्लू, कृष्णाचे बालपण, सगळ्यांवर त्याने लिहिले. पण शेफ्ता यांच्यासारख्या नामवंत तजकिराकाराने त्याला बाजारी लोकांच्या तोंडचा म्हणून बाजूला सारले. बाजाराने मात्र त्याला पाठ करून ठेवले.

तन्वीर रायपूरचे. तेव्हा रायपूर मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, त्यामुळे कॉलेज शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. ‘तन्वीर’ हे त्यांचे तखल्लुस, कारण आधी ते शायर होते. पुढे मुंबईत ते इप्टात गेले. अण्णाभाऊ आणि अमरशेख गिरणगाव गाजवत होते तो हा काळ. १९५४ साली दिल्लीच्या जामिया मिल्लियात त्यांनी ‘आग्रा बाजार’ बसवले. त्यात विद्यार्थी आणि शिक्षकांबरोबर शेजारच्या ओखला गावचे लोकही होते. बाजारातली माणसे दाखवायला त्यांनी गावातलीच माणसे आणली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते.

१९५५ साली ते लंडनला नाट्यशिक्षणासाठी गेले, नंतर बर्लिनला ब्रेख्तची नाटके पाहिली. परतल्यावर छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातले सहा कलावंत दिल्लीला आणून त्यांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ ‘मिट्टी की गाडी’ या नावाने केले. १९५९ साली पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ उभे राहिले. पण गावात रात्र रात्र माणसे खिळवून ठेवणारे हे नट त्यांच्या तालमीत अवघडून जात. उजवीकडून ये, इथे थांब, हे त्यांना जमेना. अनेक वर्षांनी तन्वीर यांना कारण उमगले आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलेही. नाचात प्रेक्षक चहूबाजूंनी बसतो. जिकडून दाद येते तिकडे नट वळतो. असा माणूस आखलेल्या रेषेवर कसा चालणार? शिवाय त्याच्या तोंडात परकी हिंदी घातलेली.

म्हणजे नाटकात पतंगवाल्याची बाजू घेणारा दिग्दर्शक तालमीत इतकी वर्षे पुस्तकविक्याच्या दुकानातूनच पाहत होता, असे मला वाटते. कान बाजारात गेले, डोळे मात्र मागे राहिले. १९७३च्या रायपूर शिबिरानंतर त्यांनी नटांना छत्तीसगडीत बोलू दिले, हालचाली त्यांच्यावर सोडल्या. संवाद तालमीत घडू लागले, कागदावर मागाहून आले. दोन वर्षांत ‘चरणदास चोर’ उभे राहिले. मूळ गोष्ट विजयदान देथांची राजस्थानी. १९८२ साली एडिनबरा महोत्सवात याच नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. छत्तीसगडीचा एक शब्द न समजणाऱ्यांच्या गावात!

आम्हा मराठी मुलुखातल्या मुसलमानांना ही गोष्ट परकी वाटू नये. घरात दखनी, बाहेर मराठी. लखनौकडचा पाहुणा आला की आमची बोलकी माणसे गप्प होतात, ‘हौ’ आणि ‘नक्को’ जिभेवरच गिळतात. सिनेमात ही भाषा विनोदवीराच्या वाट्याला येते. आणि याच दखनीत विजापूरच्या सूफींनी बायकांना दळताना म्हणायला चक्कीनामे रचले, सूत काततानाचे चरखानामे रचले. जात्याचा दांडा, खुंटा, पीठ यांतूनच अल्लाह, पैगंबर आणि पीर समजावून सांगितले. दळणारीला अक्षरओळख नव्हती, तरी ते तिच्या तोंडी होते. आता जाती गेली. ज्या आज्यांना त्यातले चार शब्द आठवतात, त्या आपल्याच घरात बसल्या आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही.